वळचणीचा बर्फ

मी मराठीचा प्राध्यापक. गेली अठरा वर्षे व्याकरण, छंद आणि अर्वाचीन कविता यांत रमलेला. अशा माणसाने दिवाळी अंकात बर्फावर लेख लिहावा, आणि तोही संगणकात पाडलेल्या बर्फावर, याचे वाचकांना नवल वाटेल. खरे सांगायचे तर मलाही वाटते. मी बर्फ पाहिला तो उसाच्या रसात, गोळेवाल्याच्या रंध्याखाली आणि मासळीबाजारातल्या टोपल्यांत. आभाळातून पडणारा बर्फ मी आजतागायत पाहिलेला नाही. ज्याच्यापायी मी या भानगडीत पडलो, त्या माझ्या भाच्यानेही पाहिलेला नाही. तरीही तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, पुण्यात अंगाची लाही होत असताना, आम्ही दोघांनी मिळून नॉर्वेतल्या एका घरावर बर्फ पाडला. त्याचीच ही हकीकत.

भाचा वास्तुकलेचा पदवीधर. शिक्षणापासून आमच्याकडेच राहतो. पुण्यात तो ज्या कचेरीत काम करतो, तिथला धंदा मोठा मजेशीर आहे. परदेशातले आर्किटेक्ट आपल्या घरांचे नकाशे पाठवतात. घर अजून कागदावरच असते. पायाही खणलेला नसतो. ही मुले ते घर संगणकात उभे करतात, त्याला लाकूड, काच, दगड चढवतात, झाडे लावतात, सूर्य टांगतात, आणि शेवटी त्याचे असे चित्र काढतात की पाहणाऱ्याला वाटावे, घर बांधून झाले असून कोणीतरी समोर उभे राहून फोटो घेतला आहे. या चित्राला ते ‘रेंडर’ म्हणतात. न बांधलेल्या घराचा फोटो, असे मी त्याचे भाषांतर करतो.

हे निव्वळ शोभेचे काम आहे असा माझा समज होता. भाच्याने तो दूर केला. नकाशा वाचता येणारी माणसे थोडी. चित्र सगळ्यांना कळते. घराचा मालक हे चित्र पाहून होकार देतो, शेजारी ते पाहून हरकत घेतात. म्हणजे लाखो रुपयांचा निर्णय एका चित्रावर होतो. ते खोटे असेल तर निर्णयही फसण्याचा धोका.

परत आलेले चित्र

नॉर्वेतले घर म्हणजे डोंगरउतारावरचे लाकडी सुट्टीघर होते. तिकडे अशा घराला ‘ह्युत्ते’ म्हणतात. हिवाळ्यातले चित्र हवे होते. भाच्याने चार दिवस खपून ते केले. मला दाखवले, तेव्हा मी मनापासून वाहवा केली. छपरावर शुभ्र थर, पडवीतल्या बाकावर शुभ्र थर, कुंपणावर शुभ्र थर, आणि छपराच्या कडेला बर्फाच्या लखलखीत सुया झुंबरासारख्या लोंबत असलेल्या. नाताळच्या भेटकार्डावर शोभावे असे ते चित्र होते.

ते तिसऱ्या दिवशी परत आले. सोबत तीन आक्षेप होते. एक, बर्फाची जाडी सगळीकडे सारखी आहे. घराला रजई घातल्यासारखी दिसते. दोन, पडवीतल्या बाकावर बर्फ आला कसा? तीन, त्या लोंबणाऱ्या सुया ताबडतोब काढा. माझे घर तसले नाही.

पहिले दोन आक्षेप कळले. तिसरा मात्र आम्हांला शिवी असावी इतकेच कळले. कशाबद्दलची ते कळेना.

भाच्याची नोकरी अजून कच्ची होती. पक्की व्हायला महिनाच उरला होता, आणि हेच चित्र दुसऱ्यांदा परत आले तर काय होईल हे त्याला कोणी सांगण्याची गरज नव्हती. रात्री जेवताना तो म्हणाला, “मामा, माझ्याच्याने हे होणार नाही. ज्याने बर्फ पाहिला नाही, त्याने तो काढू नये.”

मी उत्तर दिले नाही, कारण मुलाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आपली भाषाच पाहा. इंग्रजीत आभाळातून पडणाऱ्या बर्फाला एक शब्द आणि पाणी गोठून झालेल्या बर्फाला दुसरा. आपण दोहोंनाही ‘बर्फ’ म्हणतो, आणि तो शब्दसुद्धा फारसीतून घेतलेला. संस्कृतातला ‘हिम’ आपल्याकडे आला खरा, पण येता येता त्याचा झाला ‘हिव’. हिवाळा, हिवताप, हिव भरणे! वाटेत बर्फ वितळून गेला आणि आपल्या हाती नुसती थंडी उरली. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले तर त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. अशा मुलखातल्या पोराने नॉर्वेचा बर्फ काढायचा!

पावसाला विचारावे

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, “तू बर्फ घातलास तो कसा, ते मला सांग पाहू.”

त्याने सांगितले ते सोपे होते. संगणकातले घर म्हणजे पुठ्ठ्याच्या तुकड्यांचे घर. प्रत्येक तुकड्याला आपले तोंड कोणीकडे आहे हे ठाऊक असते. भाच्याने हुकूम सोडला होता की, ज्याचे तोंड वर, त्यावर बर्फ. छपराचे तोंड वर, म्हणून बर्फ. बाकाचे तोंड वर, म्हणून त्यावरही बर्फ. घाईच्या कामात पुष्कळ जण असेच करतात म्हणे.

“आणि पाऊस पडला तर तो बाक भिजेल का रे?”

“नाही. वर छप्पर आहे ना.”

“मग?”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग मी माझ्या धंद्यातले भांडवल काढले. मराठीला बर्फाचे शब्द नसतील, पण घरावर पडणाऱ्या पावसाचे शब्द तिच्याकडे रगड आहेत. आढे, वळचण, पागोळ्या, पन्हळ, पडवी, आडोसा, झड. पाऊस घराशी कसा वागतो याची ही शेकडो वर्षांची टिपणेच आहेत. आढ्यापासून पाणी उतरते. वळचणीला कोरडे राहते, म्हणून पावसात गुरेमाणसे तिथे अंग चोरून उभी राहतात. पागोळ्या पडतात तिथे जमिनीवर ओळीने खळगे होतात. वारा सुटला की झड पडवीत शिरते, पण हातभर. पार भिंतीपर्यंत नाही. भाच्याचे बालपण रत्नागिरीकडच्या आजोळी गेलेले. हे त्याला शब्दांनीच नव्हे, अंगानेही माहीत होते.

“बर्फही वरूनच पडतो ना?” मी म्हटले. “मग तो वळचणीला कसा पडेल?”

त्या रात्री भाचा जागाच होता. सकाळी त्याने मला एक जुना शोधनिबंध वाचून दाखवला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या पॉल फिअरिंग नावाच्या संशोधकाने तो 2000 साली प्रसिद्ध केला होता. विषय नेमका हाच होता: संगणकातल्या देखाव्यावर पडलेला बर्फ कसा साचवावा. त्याची युक्ती ऐकून मी खूश झालो. आभाळातून कोट्यवधी कण खाली सोडत बसण्याऐवजी त्याने उलटा रस्ता धरला. जमिनीच्या, छपराच्या, बाकाच्या प्रत्येक ठिकाणाहून कण वर आभाळाकडे सोडायचे. ते वाऱ्यात भरकटल्यासारखे वाकडेतिकडे चढतात. ज्या ठिकाणचे पुष्कळ कण आभाळाला पोचले, तिथे बर्फ पुष्कळ. ज्या ठिकाणचे वाटेतच छपराला आपटले, तिथे थोडा किंवा मुळीच नाही. थोडक्यात, प्रत्येक जागेला विचारायचे की, बाई, तुला आभाळ किती दिसते? वळचण म्हणेल, थोडेसे, कडेकडेने. पडवीतला बाक म्हणेल, जवळजवळ नाहीच. मग साचलेला ढीग टिकतो की घसरतो हे पाहायचे, आणि घसरणारा खाली ओतायचा.

आमच्या कोकणातल्या म्हातारीला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती, यात काय शिकायचे?

चाळणीचा प्रयोग

आता डोळ्यांनी पाहायची हौस आली. बुटाच्या खोक्याचे घर केले. उतरते छप्पर, पडवी, कुंपण, बाजूला लाकडाच्या मोळ्यांची खोपटी. लहानपणी हाच मुलगा आमच्या अंगणात दिवाळीचा किल्ला करी आणि त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवी. ते हात अजून विसरले नव्हते. सौ. दुपारी झोपल्यावर आम्ही स्वयंपाकघरातून चाळणी आणि तांदळाची पिठी लांबवली. वर चाळणी हलवायची आणि बाजूने टेबलफॅन अगदी मंद ठेवायचा, म्हणजे वारा.

पाच मिनिटांत त्या खोक्याने आम्हांला पुष्कळ शिकवले. फॅनच्या बाजूची भिंत स्वच्छ राहिली. खोपटीच्या मागे, आडोशाला, पिठीची शेपटीसारखी लांबट रास झाली. पडवीच्या कडेला बोटभर पांढरी पट्टी आली आणि आत बाक कोरडा. सपाट जागी थर जाड, उतारावर पातळ, कुंपणाच्या काठीवर नावालाच. सारखा असा कुठेच नव्हता. पहिला आक्षेप तिथे मिटला.

पण पिठी ती पिठीच. ती उतारावरून सुळकन घसरते. बर्फ घसरेलच असे नाही. बर्फाचे कण एकमेकांना चिकटतात आणि पडल्यावरही हळूहळू सांधत जातात. म्हणून खुंटावर बर्फाची टोपी खुंटापेक्षा रुंद होऊ शकते, आणि छपराच्या कडेवरून ती हातभर बाहेर झुकते. फोटो पाहून पाहून भाच्याने ही भर घातली. बर्फाचे वजनही त्याने मला सांगितले. नुकताच पडलेला घनमीटरभर बर्फ पन्नास ते शंभर किलो भरतो. दबून बसलेला दोनशे-तीनशे. म्हणजे छपरावर मीटरभर थर बसला, तर एकेका चौरस मीटरवर तीन-चार माणसे उभी आहेत असे समजावे. चित्रातल्या बर्फाला वजन नसते, पण पाहणाऱ्याला ते जाणवले पाहिजे. नाहीतर तो कापूस दिसतो.

सौ. उठल्या आणि पुढे काय झाले ते इथे लिहीत नाही.

खडीसाखर आणि पिठीसाखर

जागा ठरल्या, आता रंग. तुम्ही म्हणाल, त्यात काय ठरवायचे? बर्फ पांढरा! भाच्यानेही आधी तसेच केले होते, आणि त्यामुळेच त्याचा बर्फ चुन्यासारखा दिसत होता.

खरी गोष्ट अशी की, बर्फाला पांढरा रंग नाहीच. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो. तोच कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र होते. रंग कोणी घातला? कोणीच नाही. असंख्य कणांच्या असंख्य कडांवर प्रकाश आपटतो, सर्व बाजूंना विखुरतो आणि सर्व रंगांचा मिळून पांढरा दिसतो. बर्फाचेही तसेच. प्रकाश त्याच्या पृष्ठावरून सरळ परतत नाही. आत शिरतो, कणाकणांतून ठेचकाळतो आणि दुसऱ्याच जागेतून बाहेर पडतो. दूध, मेण, संगमरवर यांतही असेच होते. 2001 साली हेन्रिक वान येन्सेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा आतला प्रवास संगणकाला झेपेल अशा गणितात बसवला. तेव्हापासून चित्रातल्या दुधाला आणि माणसाच्या कातडीला जो जिवंतपणा आला, तोच बर्फालाही मिळाला. त्याच्या कडा मऊ दिसतात. उन्हाची तिरीप आत मुरल्यासारखी वाटते.

शिवाय ताजा बर्फ शंभरातला ऐंशी ते नव्वद हिस्से प्रकाश परत देतो. शंभरच्या शंभर नव्हे. चित्रात तो अगदी पूर्ण पांढरा केला, तर त्यावर उन्हाची झळाळी दाखवायला जागाच उरत नाही. वरचा सूर आधीच लावून बसलेल्या गवयासारखी गत होते. म्हणून जाणकार बर्फ थोडा मळका ठेवतात, म्हणजे ऊन पडल्यावर तो उजळतो.

आणि सावल्या निळ्या! उन्हापासून आडोशाला असलेल्या बर्फावर प्रकाश येतो तो निळ्या आभाळाचा. बर्फ तो इमानाने परत करतो. शिवाय गोठलेले पाणी प्रकाशातला तांबडा भाग थोडा अधिक गिळते, म्हणून बर्फातल्या खोल भोकात निळाई दिसते. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने 1868-69 च्या हिवाळ्यात बर्फातले एक कुंपण आणि फाटकावर बसलेला एक पक्षी रंगवला आणि कुंपणाची सावली निळसर काढली. 1869 च्या पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाने ते चित्र नाकारले. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात मानाने टांगलेले आहे. ही हकीकत मी भाच्याला मुद्दाम सांगितली. चित्र परत आल्याचे दुःख त्यामुळे निम्मे झाले.

वळचणीचे पाणी आढ्याला

राहिला तिसरा आक्षेप, त्या लोंबणाऱ्या सुया. त्यांचे गूढ उकलायला आठवडा गेला, आणि उकलले तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

घरात शेकोटी पेटलेली असते. छप्पर नीट बंदोबस्ताचे नसेल, तर आतली ऊब वर झिरपते आणि छपरावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी बर्फाखालून ओघळत कडेला येते. छपराची कड भिंतीबाहेर असते. तिला घरातली ऊब मिळत नाही. तिथे पाणी पुन्हा गोठते. थेंबाथेंबाने त्या सुया लांबतात, आणि छपराच्या कडेवर बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारे पाणी त्या बांधाला अडते, तुंबते आणि उलटे वर चढून छपराच्या फळ्यांखाली शिरते. मग भिंती ओलावतात, लाकूड कुजते. उन्हानेही थोड्याफार सुया धरतात. पण घरभर झुंबरे लोंबू लागली की बहुतेक वेळा समजावे, छप्पर ऊब गळते आहे.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, असे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. बर्फाच्या मुलखात ते जाते! आणि आम्ही त्या बिचाऱ्या आर्किटेक्टच्या घराला, ज्याच्या छपरात ऊब कोंडण्यासाठी त्याने जाड थर योजले होते, तसली झुंबरे लटकवून जगाला सांगत होतो की, याचे छप्पर गळके आहे. आम्हांला शोभा वाटली. त्याच्या गावच्या माणसाने ती तक्रार म्हणून वाचली असती.

सिनेमातला बर्फ आणि घराच्या चित्रातला बर्फ यांत फरक आहे तो हाच. 1946 साली ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा अमेरिकन चित्रपट भर उन्हाळ्यात काढला, तेव्हा आग विझवण्याच्या फेसाचा बर्फ केला होता. त्याआधी मक्याचे पोहे पांढरे रंगवून वापरीत. पण ते पायाखाली इतके कुरकुरत की नटांचे संवाद ऐकू येत नसत. 2013 च्या ‘फ्रोझन’साठी डिस्नेच्या मंडळींनी धड घन नाही, धड द्रव नाही अशा बर्फाचे गणितच मांडले. पण तिथे बर्फाने प्रेक्षकाला रिझवले की काम झाले. घराच्या चित्रातला बर्फ साक्षीदार असतो. छप्पर कसे आहे, दार कुठे आहे, वारा कुठून येतो, याची तो साक्ष देतो. साक्षीदाराने नटू नये.

भाच्याने सुया काढल्या. छपरावरचा थर अखंड ठेवला, फक्त धुराड्याभोवती थोडा वितळवला. पडवीच्या कडेला झडीची पट्टी दिली आणि बाक कोरडा ठेवला. पायऱ्यांवर एकाच माणसाची पावले उमटवली. वेळ संध्याकाळची घेतली. खिडकीतला पिवळा उजेड बर्फावर चार हात पडतो आणि पुढे निळाई सुरू होते. भेटकार्डाच्या मानाने चित्र साधे होते. ते परत आले नाही. नोकरी पक्की झाली. मी घरी पेढे आणले.

गोष्ट इथे संपली असती तर मी लेख लिहिला नसता. पण ते घर पुढे खरोखरच बांधून झाले, आणि यंदाच्या फेब्रुवारीत त्या सद्गृहस्थाने कौतुकाने त्याचा फोटो पाठवला. आम्ही फोटो आणि चित्र शेजारी ठेवून पाहिले. छप्पर, पडवी, कोरडा बाक, निळी सावली, सारे जुळले. एक गोष्ट सोडून. दार घराच्या उजव्या अंगाला. आमच्या चित्रात ते वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून स्वच्छ. फोटोत दारावर कंबरभर बर्फाची रास चढली होती आणि शेजारी फावडे टेकून ठेवले होते.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामा, आपण वारा उजवीकडून का घेतला होता?”

मी आठवून पाहिले. प्लग उजव्या भिंतीला होता, म्हणून टेबलफॅन उजवीकडे ठेवला होता. नॉर्वेच्या त्या डोंगरात वारा मात्र डावीकडून येत होता, आणि हे आम्ही कोणालाही विचारले नव्हते. दार कुठे असावे हे आम्ही ठरवले नव्हते हे खरे. पण चित्रात ते इतके मोकळे दिसत होते की, बर्फ साचला तर काय, हा प्रश्न पाहणाऱ्या कोणालाच पडला नसावा. चित्र नसते तर कदाचित एखाद्याला पडलाही असता.

तेव्हापासून हिवाळ्याचे काम आले की भाचा पहिले पत्र पाठवतो ते एका ओळीचे: वारा कोणीकडून वाहतो ते कळवावे. त्याच्या हाताखालची मुले त्याला हसतात. मी हसत नाही. वाचकहो, बर्फाने नटलेल्या एखाद्या सुंदर घराचे चित्र यापुढे तुमच्या पाहण्यात आले, तर छपराचा झगमगाट थोडा बाजूला ठेवा आणि आधी वळचणीला पाहा.

चाळणी मात्र सौ. नी अजून आम्हांला दिलेली नाही. यंदाच्या चकल्यांची भाजणी झाल्याखेरीज ती मिळायची नाही, असे सांगण्यात आले आहे.